वाचनालयात मेकरस्पेस : ३००० रुपयांत काय घ्यावं?

प्रश्न : जिल्हा परिषदेची शाळा, सहावी ते आठवी, एका वर्गात ३५ मुलं. वाचनालयाची खोली १५ बाय २० फूट, त्यातली एक भिंत मोकळी आहे. तिथे मेकरस्पेस, म्हणजे मुलांनी स्वतः हाताने वस्तू बनवायची जागा, करायची आहे. दुपारी लाइनचा भरवसा नाही. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेची (शाळेत प्रयोगशाळेसाठी अनुदान) वाट बघावी की असंच सुरू करावं? तान्ह्या पोळ्यापर्यंत (पोळ्याचा दुसरा दिवस, मुलं खेळण्यातले बैल मिरवतात) काहीतरी उभं राहिलं पाहिजे.

उत्तर १ : वाट बघू नका, सर. त्या योजनेत अनुदान २० लाखांपर्यंत आहे, पण मूळ नियमांत सपाट भागातल्या शाळेला १५०० चौरस फूट जागा लागते. तुमची खोली ३०० चौरस फुटांची.

पाच-पाच मुलांचे सात गट करा. दोन सेलचे होल्डर ७, पेन्सिल सेल १८ (चार जास्तीचे), ५ मिमीचे लाल एलईडी ३०, १०० ओहमचे रेझिस्टर (वीजप्रवाह आवरणारे) ३०, बारीक वायर १० मीटर, कात्र्या ७. एलईडीचा लांब पाय प्लसकडे. प्रत्येक एलईडीला आपला एक रेझिस्टर हवाच. बटन सेल आणूच नका, लहान भावंडाने गिळला तर जिवावर बेततं.

पहिलं काम : डोळे पेटणारा नंदीबैल.

उत्तर २ : बैलासाठी ज्वारीचे धांडे. साल सोलून आतला गर घ्यायचा, सालीच्याच काड्या टाचणीसारख्या टोचून जोडायचं. सालीची धार बोट कापते, म्हणून सोलताना ओढ आपल्यापासून दूर. धांडे मागच्या हंगामाचे, कडक वाळलेले घ्या. ओले असले तर वाळताना आकसतात आणि जोड खिळखिळे होतात. पोळा पावसाळ्यात येतो, तेव्हा पेंडी आजच माळ्यावर टाका.

चाकं बाटलीच्या बुचांची. आस स्ट्रॉमधून ओवा. थेट गरात खुपसली की चाक फिरत नाही, नुसतं घासतं.

एक खटकतं मात्र. फळ्यावर नमुना काढला की सगळे बैल सारखेच होतात, ती कवायत झाली. त्यापेक्षा अट द्या : ओढला की मान हलली पाहिजे. कशी, ते मुलं बघतील.

प्रश्नकर्ता : एक डोळा लाल, एक पांढरा चालेल?

उत्तर १ : एकाच रेझिस्टरवर दोन्ही समांतर जोडले तर फक्त लाल पेटेल. लाल सुमारे २ व्होल्टला पेटतो, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. लाल व्होल्टेज वर चढूच देत नाही. तीन सेल घ्या आणि दोघांना वेगवेगळे १५० ओहम लावा. मुलांना आधी चुकू द्या, मग सांगा.

उत्तर ३ : नोंदीचं कुणी बोललं नाही. कात्र्या, होल्डर जडवस्तू (टिकाऊ सामान) नोंदवहीत. सेल, वायर, गोंद खर्ची साहित्यात. दोन्ही एकत्र लिहिलं की तपासणीत संपलेले सेल हजर करा म्हणतात! उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळे सेल काढून ठेवा, नाहीतर गळून होल्डरच्या पत्र्या खातात. आणि खाली ताडपत्री हवीच. खळ कपाटाजवळ सांडली की झुरळं पुस्तकांच्या बांधणीपर्यंत पोचलीच समजा.