ॲड्रिनलची गाठ दुर्बिणीतून काढायची आहे, आधीच्या तयारीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईच्या (वय ५८, सांगली) उजव्या ॲड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडावरची छोटी ग्रंथी) ४.५ सेंमीची गाठ निघाली आहे. अचानक छातीत धडधड, डोकं ठणकणं, अंग घामाने भिजणं, त्या वेळी बीपी २००च्या वर; थोड्या वेळाने सगळं शांत. पाळी जाण्याच्या वयाचा त्रास म्हणून हे वर्षानुवर्षं अंगावर काढलं. शेवटी सोनोग्राफी, सीटी स्कॅन झालं आणि २४ तासांच्या लघवीत मेटानेफ्रिन (ॲड्रिनलच्या हार्मोनपासून बनणारा घटक) खूप वाढलेलं आलं. निदान फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे बीपी वाढवणारे हार्मोन्स सोडणारी ॲड्रिनलची गाठ.

पुण्याचे एंडोक्राइनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) म्हणतात, दुर्बिणीतून निघेल, पण आधी किमान दोन आठवडे प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी), डोस हळूहळू वाढवत. बीटा ब्लॉकर (हृदयाची धडधड कमी करणारं औषध) लागलाच तर त्यानंतर, आधी अजिबात नाही.

घरात इथेच अडलंय. गोळीमुळे आईला उठताना चक्कर येते, नाक चोंदतं. त्यात भरपूर पाणी आणि मीठ घ्यायला सांगितलंय. बीपीपायी जिचं लोणचं-पापड बंद केलं, तिला आता मुद्दाम मीठ द्यायचं हे तिलाच पटत नाही. गुपचूप गोळी चुकवते. मामा म्हणतात, बीपी नॉर्मल झालंय, थांबायचं कशाला? इथेच पोट उघडून पुढच्या आठवड्यात उरकू. मला याची फार भीती वाटते, पण त्यांना समजावता येत नाहीये.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा. चक्कर कशी सांभाळली? सर्जनना काय विचारावं? पाठीकडूनही करतात म्हणे, ते कुणासाठी? आम्हा भावंडांना जनुकीय तपासणी लागेल का?

प्रतिसाद:
ताई, गोळी चुकवू देऊ नका. माझ्या मिस्टरांचं हेच ऑपरेशन झालंय. मामांना एवढंच सांगा: गाठीच्या हार्मोन्समुळे रक्तवाहिन्या सतत आवळलेल्या असतात, म्हणून अंगातलं पाणीही कमी झालेलं असतं. गोळीने त्या सैल होतात आणि पाणी-मिठाने भरतात. ही भर नसेल तर गाठ निघताच बीपी धाडकन खाली येतं. नाक चोंदणं ही औषध लागू पडल्याची खूण, असं आम्हाला सांगितलं होतं. उठताना आधी कुशीवर वळायचं, पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. मीठ आम्ही ताकातून दिलं. चक्कर जास्त असेल तर डॉक्टरांना आजच फोन करा, डोस ते बदलतील.

प्रतिसाद:
मी भूलतज्ज्ञ आहे. तयारीशिवाय घाई नको, मग पोट उघडा की दुर्बीण घाला. गाठीला हात लागला की बीपी उसळतं, तिची शीर बांधली की कोसळतं. उजवीकडची शीर आखूड असते आणि थेट पोटातल्या सर्वात मोठ्या शिरेला मिळते, म्हणून ॲड्रिनलच्या अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत हे सर्जनना स्पष्ट विचारा. नंतर आयसीयूत ठेवणार का, साखर तपासणार का, तेही विचारा. साखर एकदम उतरू शकते.

१९९२ मध्ये माँट्रियलच्या मिशेल गान्ये यांनी दुर्बिणीची पद्धत मांडली. एवढ्या गाठीला आता तीच पहिली पसंती. पोट उघडतात ते फार मोठ्या किंवा कर्करोगाचा संशय असलेल्या गाठीसाठी. पाठीकडून रुग्णाला पालथं झोपवून करतात. पोटाची आधी ऑपरेशनं झाली असतील तर हा मार्ग सोयीचा, पण तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय तोच निवडा.

जनुकीय तपासणी आधी आईची. साधारण तीनातल्या एका रुग्णात दोष आनुवंशिक असतो. सापडला तर मग भावंडांची. आणि कुणी गाठीत सुई घालून बायोप्सी करू म्हणालं, तर ठाम नकार द्या.