जिल्ह्याची हद्द आली की एसटीची साखळी का तुटते?

हद्दीवरचा प्रवासी (धागाकर्ता):
एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, म्हणजे सुरुवातच दोन जिल्हे जोडण्यापासून झाली. आज मात्र ग्रामीण फेऱ्या आखताना प्रत्येक आगार आपल्या तालुक्यापुरते पाहते आणि शेजारच्या विभागाची, म्हणजे साधारणपणे शेजारच्या जिल्ह्याची, गाडी फाट्यावर किती वाजता येते, याच्याशी आपला संबंध नाही असे धरून चालते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका फाट्यावर आमची गाडी शिरत असताना पलीकडच्या जिल्ह्यात जाणारी शेवटची गाडी वळणाआड गेली. पुढचे अकरा किलोमीटर मी वडापच्या, म्हणजे खासगी जीपच्या, मागच्या दांडीला धरून काढले. त्यातच भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जात असल्याने गाडी बदलणाऱ्याला अपुऱ्या टप्प्याचे पूर्ण भाडे दोनदा मोजावे लागते. हद्दीवरच्या फाट्यांवर निदान संध्याकाळच्या शेवटच्या फेऱ्यांनी एकमेकींसाठी थांबावे आणि गाडी बदलली तरी तिकीट एकच असावे, एवढीच माझी मागणी आहे.

जुना वेळापत्रकवाला:
तिकिटाबद्दल सहमत आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ पास राज्यभर कोणत्याही विभागात चालतो, मग दोन गाड्यांचे एक तिकीट अशक्य नसावे. थांबण्याची मागणी मात्र मला मान्य नाही. ज्या गाडीने तुमच्यासाठी दहा मिनिटे थांबावे असे तुम्ही म्हणता, तिच्यात तीस माणसे बसलेली असतात. चालक-वाहकांच्या कामाचे आठ तास कायद्याने ठरलेले आहेत, त्यापुढे अतिकालिक भत्ता लागतो आणि त्याचा जाब आगार व्यवस्थापकाला द्यावा लागतो. आगाराचे मोजमाप भारमान (गाडी किती भरली त्याचे प्रमाण) आणि प्रति किलोमीटर उत्पन्न यांवर होते. पलीकडच्या विभागाचे चार प्रवासी घेतले म्हणून कोणाची पाठ थोपटली गेल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

भोरकर:
मग मोजमापच चुकीचे आहे, असे म्हणा की! पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन वेगळ्या बससेवा २००७ मध्ये एकत्र करून पीएमपी उभी राहिली, तेव्हाही उत्पन्न कोणाचे आणि तोटा कोणाचा हा प्रश्न होताच. दोन्ही महापालिकांनी तुटीचा वाटा ६०:४० असा ठरवला आणि प्रवाशाला हद्द ओलांडल्याचे कळेनासे झाले. एसटीचे विभाग तर एकाच महामंडळाचे आहेत.

जुना वेळापत्रकवाला:
उदाहरण अर्धेच दिलेत. एसटीच्या २०२१-२२ च्या संपात पीएमपीने ग्रामीण भागात गाड्या वाढवल्या आणि संप मिटल्यावर त्यांतल्या काही मार्गांवरून ती मागे फिरली. तूट भरायला महापालिकेने दिलेला पैसा महापालिकेच्या हद्दीबाहेर किती काळ खर्च करायचा, हा प्रश्न तिथे सुटला नव्हता. एसटीत खिसा एकच असला तरी गाड्या मोजक्या आहेत. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट झाल्यावर गर्दी वाढली. अशा वेळी सुटी गाडी कमाईच्या लांब पल्ल्याला जाणार की हद्दीवरच्या वाडीला, हे उघड आहे.

हद्दीवरचा प्रवासी:
मी नवी गाडी मागतच नाही. आळेफाट्यासारख्या ठिकाणी, जिथे पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन्ही रस्ते एकमेकांना छेदतात, तिथे दोन्हीकडच्या फेऱ्यांच्या वेळा एका फलकावर आणून पाच-दहा मिनिटांनी मागेपुढे करायला पैसा लागत नाही. एखाद्या दिवशी उशीर झालाच, तर एका नियंत्रकाने दुसऱ्याला फोन करावा.

जुना वेळापत्रकवाला:
वेळा जुळवायला माझी हरकत नाही, पण दर वेळी शाळा सुरू होताना त्या पुन्हा जुळवाव्या लागतील हे धरून चाला. फोन आम्हीही करत होतो. मोठ्या स्थानकावर उचलायला नियंत्रक असतो. तुम्ही ज्या फाट्यावर उतरलात तिथे पत्र्याची शेड असेल आणि फार तर शेजारी चहावाला.

भोरकर:
मग गाडीतल्या वाहकालाच करा. मोबाईल त्याच्याही खिशात असतो.