पीएस ५ आता घ्यावा की पीएस ६ची वाट बघावी?

तळेगावकर: नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६पासून पीएस ४, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ गेम कन्सोल आहे. मशीन ठणठणीत आहे, पण मला हवे ते नवे गेम आता त्यावर येत नाहीत. दिवाळीसाठी पैसे बाजूला काढलेत. टीव्हीखालच्या कप्प्यात एकतीस डिस्क आहेत, अर्ध्याअधिक सेकंडहँड घेतलेल्या. मुलगा म्हणतो, ‘बाबा, थांबू, थेट पीएस ६ घेऊ.’ थांबावं का? आणि या डिस्क पुढे चालतील का?

चौकोन_त्रिकोण: दादा, थांबू नका. सोनीचा प्रत्येक नवा प्लेस्टेशन आला ती वर्षं बघा: १९९४, २०००, २००६, २०१३, २०२०. आधी सहा-सहा, मग सात-सात वर्षांचं अंतर. त्या चालीने २०२७ येतं, पण मी २०२८ धरतोय. ऑक्टोबर २०२५मध्ये पीएस ५ची रचना करणारे मार्क सर्नी चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीसोबत केलेल्या व्हिडिओत नव्या ग्राफिक्स तंत्राबद्दल बोलले. ते तंत्र तेव्हा फक्त सिम्युलेशनमध्ये होतं, प्रत्यक्ष चिपमध्ये नाही. पुढच्या कन्सोलमध्ये ते यायला काही वर्षं लागतील, असं तेच म्हणाले. त्यात एआयच्या डेटा सेंटरांमुळे कन्सोललाही लागणारी रॅम महागली. अशा वेळी कोण घाई करेल?

शिवाय आपल्याकडे उशीर ठरलेला. पीएस ५ अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२०ला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ला, ४९,९९० रुपयांना. तेव्हा प्री-ऑर्डर उघडली की काही मिनिटांत संपायची. मी तीनदा हुकलो, चौथ्यांदा मिळाला.

रेवती_नाशिक: डिस्कचं मी सांगते. पीएस ३च्या डिस्क पीएस ४वर चालल्या नाहीत, कारण पीएस ३चा सेल प्रोसेसर अगदीच वेगळा होता. पीएस ४ आणि ५ दोन्ही एएमडीच्या चिपवर, म्हणून तुमच्या बहुतेक सगळ्या डिस्क पीएस ५वर चालतील. सोनी पुढेही एएमडीसोबतच आहे, त्यामुळे पीएस ६बद्दलही मला आशा वाटते.

डिझाइनचा माझा अंदाज: पीएस ५ प्रो या वरच्या मॉडेलमध्ये डिस्क ड्राइव्ह नाहीच, वेगळा घ्यावा लागतो. स्लिमचा, म्हणजे पीएस ५च्या लहान मॉडेलचा ड्राइव्हही काढता-घालता येतो. पीएस ६ तसाच येईल. म्हणून थोडे पैसे वाचवायला डिजिटल, म्हणजे बिनड्राइव्हचा घेऊ नका. सेकंडहँड डिस्कचा बाजार हाच आपल्याकडचा मोठा आधार आहे.

तळेगावकर: पटलं, स्लिमच घेतो, डिस्कवाला. आत्ताच टेप लावून बघितलं, कप्पा २४ सेंमी खोल, मागे प्लाय. बसेल?

रेवती_नाशिक: आडवा ठेवलात तर बसेल. पहिला पीएस ५ २६ सेंमी खोल होता, तो बसला नसता. स्लिम साधारण साडेएकवीस आहे. पण उरलेल्या अडीच सेंमीत एचडीएमआयची केबल दुमडेल, आणि गरम हवाही मागूनच बाहेर पडते. सुताराला बोलवून मागची प्लाय आधी कापून घ्या.