झेडपी शाळांच्या दंतआरोग्यासाठी सीएसआर निधी: व्हॅन मागावी की दुसरं काही?

केळापूर_आरोग्य
नमस्कार. पांढरकवडा (जि. यवतमाळ) भागातल्या २२ जिल्हा परिषद शाळांसाठी आमच्या न्यासातर्फे अर्ज करायचा आहे. पहिली ते सातवीची साधारण २,४०० मुलं आहेत. एका कंपनीच्या फाउंडेशनने सीएसआर निधीसाठी (कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) दोन पानी टिपण मागितलंय. सध्याचा आराखडा असा: एक दंतव्हॅन, वर्षात ४० शिबिरं, प्रत्येक मुलाला ब्रश-पेस्टचं किट. न्यासाची १२ए आणि ८०जी (प्राप्तिकर सवलतीची) नोंदणी आहे. हा आराखडा टिकेल का? आणि डॉक्टरांचा पगार 'प्रशासकीय खर्चा'त दाखवायचा का? ५ टक्क्यांची मर्यादा आहे असं ऐकलंय.

लोकदंत
व्हॅन आत्ता काढून टाका. शिबिरात कीड सापडते, चिठ्ठी लिहून दिली जाते आणि मूल ती घेऊन घरी जातं. तालुक्याच्या गावी जायचं तर आईवडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती चिठ्ठी दप्तरातच राहते. मग वर्षाअखेरीच्या अहवालात 'इतकी मुलं तपासली' यापलीकडे लिहायला काही उरत नाही. दुसऱ्या वर्षाचा हप्ता नेमका तिथेच अडतो.

आधी मोजणी करा, तीही अर्ज पाठवण्यापूर्वी. चार-पाच शाळांतली २०० मुलं पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षण पद्धतीत ५ आणि १२ वर्षं ही ठरावीक वयं आहेत. ती दोन्ही वयं नमुन्यात आली तर पुढे तुलना करता येते. किडलेले, काढलेले आणि भरलेले दात वेगवेगळे लिहा. एका तपासनीसामागे निदान ३० आरसे आणि ३० प्रोब (दात तपासायच्या बारीक सळया) ठेवा, म्हणजे निर्जंतुकीकरणासाठी रांग थांबत नाही. ५ ते १० टक्के मुलं (२५ हून कमी नकोत) त्याच डॉक्टरने पुन्हा तपासावीत. दोन्ही नोंदी जुळत नसतील तर पुढचा सगळा आकडा वाया.

आता हिशेब. समजा २०० मुलांत ड्रिलशिवाय, हातातल्या अवजारांनी साफ करून ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येतील असे १३० खड्डे निघाले. म्हणजे २,४०० मुलांत १,५६० खड्डे. एक डॉक्टर आणि एक सहायक मिळून दिवसाला १२ खड्डे नीट भरतात, म्हणजे १३० कामाचे दिवस. हे काम वर्गातल्या बाकावर, खिडकीच्या उजेडात होतं. वीज लागत नाही, व्हॅन तर नाहीच. ४० शिबिरांचे ४० दिवस धरले तर दोनतृतीयांशाहून जास्त खड्डे उघडेच राहतात. अर्जात हे गणित जसंच्या तसं लिहा. ते वाचताना परीक्षकाला तुमचा माणूस शाळेत काय करणार हे डोळ्यांसमोर दिसतं.

फ्लोराइड वार्निश (कीड लागू नये म्हणून दातांवर लावायचा लेप, ५ टक्के सोडियम फ्लोराइड) या वयात एका मुलाला ०.४ मिली, वर्षातून दोनदा. २,४०० × ०.४ × २ = १,९२० मिली. १० मिलीच्या १९२ ट्यूब, दहा टक्के वाया धरून २११. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचा तर वर्षाला ९,६०० लागतात. किटमध्ये एकच ब्रश देऊन भागत नाही.

सिल्व्हर डायमीन फ्लोराइड (किडलेल्या भागावर लावायचं औषध) वापरणार असाल तर पालकांच्या संमतीपत्रावर काळ्या झालेल्या दाताचा रंगीत फोटो छापाच. कीड थांबते पण तो भाग कायमचा काळा पडतो. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समिती काम थांबवते, आणि ते बरोबरच आहे.

हिशेबतपासनीस
पैशाच्या बाजूचं लिहितो.

५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनाला लागू आहे, तुमच्या डॉक्टरांच्या पगाराला नाही. दात भरणारा डॉक्टर, सहायक, शाळा समन्वयक यांचं मानधन थेट प्रकल्पखर्चात दाखवा आणि प्रत्येकापुढे दिवस × दर लिहा. '२० टक्के प्रशासकीय' हा नियम परदेशी निधीचा, एफसीआरएचा. दोन्हींची गल्लत फार होते आणि त्यापायी चांगल्या संस्था डॉक्टरला अर्ध्या पगारावर दाखवून मोकळ्या होतात. सहा महिन्यांत डॉक्टर सोडून जातो आणि प्रकल्प बसतो.

१२ए आणि ८०जी एवढ्यावर भागत नाही. १ एप्रिल २०२१ पासून अंमलबजावणी संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. न्यासाने आजवर फक्त शिक्षणात काम केलं असेल तर दंतआरोग्याच्या अर्जाला तिथे खोडा बसतो. त्यावर उपाय म्हणजे आरोग्यात अनुभव असलेल्या संस्थेने मुख्य अर्जदार व्हायचं आणि तुमचं काम सामंजस्य करारात लिहायचं.

व्हॅनला माझाही विरोध आहे, कारण वेगळं. सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थी गटाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावर लागते. म्हणजे तीन वर्षांनंतरचा विमा, चालक, डिझेल सगळं तुमच्या गळ्यात.

प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणूनच मंजूर करून घ्या. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो. तसं नसेल तर ३१ मार्चच्या आत सगळं खर्चा असा तगादा येतो आणि वार्निशच्या ट्यूब मुदत संपेपर्यंत कपाटात पडून राहतात. कंपनीचे वित्तप्रमुख निधी योग्य वापरला गेल्याचं प्रमाणपत्र संचालक मंडळाला देतात, म्हणून बिलं तिमाही पाठवायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवा.

केळापूर_आरोग्य
दोघांचेही आभार. व्हॅन काढतोय. एक अडचण आहे: काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. 'पाण्यात आहेच, वर आणखी कशाला लावता?' असं ग्रामसभेत विचारलं गेलं तर?

लोकदंत
विचारलं जाणारच, आणि रास्तच प्रश्न आहे. उत्तर अर्जातच लिहा. प्रत्येक शाळेच्या पाण्याच्या स्रोताचा तपासणी अहवाल जोडा. जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे तो मिळतो. भारतीय मानकात १ मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा आहे. त्यापुढच्या गावांत आधी पाण्याचा स्रोत बदलण्याची मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावासह जोडा. तिथे फ्लोराइडच्या गोळ्या किंवा रोजच्या गुळण्या अजिबात नकोत.

वार्निशची गोष्ट वेगळी आहे. दातांवर आणि हाडांवर परिणाम होतो तो रोज पोटात जाणाऱ्या फ्लोराइडने, वर्षानुवर्षं. ०.४ मिली वार्निशमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं आणि ते वर्षातून दोनदाच लागतं. तरीही जास्त फ्लोराइडच्या गावांत सरसकट लावू नका, फक्त कीड असलेल्या मुलांना लावा. ट्यूबचा आकडा त्यानुसार कमी करून लिहा.

आणखी एक: फ्लोरोसिसचे (जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने दातांवर पडणारे) तपकिरी डाग आणि खाचा नवखा तपासनीस कीड म्हणून मोजतो. मग पायाभूत आकडा फुगतो आणि दोन वर्षांनी 'सुधारणा' खोटीच दिसते. दोन्हींच्या नोंदीचे रकाने वेगळे ठेवा.

आश्रमशाळा_समन्वय
परवानग्यांचं राहिलं. झेडपी शाळांसाठी प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागतं. पुढे आश्रमशाळा घ्यायच्या असतील तर पांढरकवड्याच्याच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं वेगळं पत्र घ्या. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या तपासणीत दातही येतात, म्हणून त्यांच्या तारखा मागून तुमच्या तारखा बसवा. एकच मूल आठवड्यात दोनदा तपासण्यात अर्थ नाही. दात काढायची मुलं कुठल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, कुठल्या वारी जाणार हे त्या दंतशल्यचिकित्सकांशी बोलून लिहा आणि मूल व एका पालकाचं एसटी भाडं अंदाजपत्रकात धरा. ही रक्कम लहान असते, पण नसली की चिठ्ठी पुन्हा दप्तरात.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम शिबिरांनाही लागू आहेत. रक्त-लाळ लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि उचलणाऱ्या अधिकृत सुविधेशी करार आधीच. शाळेमागे जाळणं चालत नाही.

सहावी-सातवीच्या मुलांना खर्ऱ्याबद्दल (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) विचारायचं तर एकेकट्याने विचारा, वर्गात हात वर करायला सांगू नका. त्या प्रश्नाचं उत्तर मुख्याध्यापकांकडे नावानिशी जाणार नाही हे संमतीपत्रात असू द्या.