हळदीचं पान गूगलसाठी की गिऱ्हाइकासाठी?

हळदवाला सांगली: घरची हळद पावडर ऑनलाइन विकतो. एकाच्या सांगण्यावरून लँडिंग पेजवर (गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं त्या पानावर) दीड हजार शब्द चढवले: राजापुरी वाण, 2018 चं जीआय (भौगोलिक) मानांकन, हरिपूरची पेवं म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, सगळं. गूगलवर वर आलो. लोक येतात, वाचतात, निघून जातात. माझं मत झालंय की रँकिंग आणि विक्री एका पानावर नांदत नाहीत. फोटो, भाव, बटण, बास. पटत नसेल तर बोला.

मिरजकर: शंभर टक्के. माझं भडंगाचं पान तीन ओळींचं आहे. जाहिरात चालते, ऑर्डरी येतात. गूगलची वाट बघत बसलो तर भडंग मऊ पडायचं.

कृष्णाकाठ: जाहिरात बंद केली की काय होतं, तेही सांगा की मिरजकर!
हळदवाले, लोक कुठले शब्द शोधून येतात ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये बघितलंत का?

हळदवाला सांगली: आत्ता बघितलं. 'हळद भाव आज सांगली' आणि 'पेव म्हणजे काय'.

कृष्णाकाठ: मग भांडण लांबीचं नाहीच. पहिल्याला यार्डातला सौदा बघायचाय, दुसऱ्याचा बहुतेक शाळेचा प्रकल्प असेल. त्यांना अर्धा किलोचं पाकीट कसं खपवणार? 'सांगली हळद पावडर घरपोच' असं शोधणाऱ्यासाठी वेगळं पान करा. वर आलेलं पान मात्र मोडू नका, त्यावरून नव्या पानाची लिंक द्या. अमुक इतके शब्द भरले की पान वर येतं, असा गूगलचा नियम नाही.

मिरजकर: म्हणजे दोन पानं. लिहिणार कोण? हळद दळायची का लेख पाडायचे?

कृष्णाकाठ: लिहिणं राहू दे, आधी तो भलामोठा फोटो हलका करा. मोबाईलवर मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गूगल म्हणतं. तुमचं पान उघडेस्तोवर माझा चहा झाला. आणि आल्या आल्या अख्खा स्क्रीन झाकणारी सवलतीची पाटी काढून टाका. 2017 पासून मोबाईलवर गूगल असल्या पानांना मागे ढकलू शकतं, आणि गिऱ्हाईकही वैतागतं.

मिरजकर: पाटी काढायची हे मान्य. बाकी माझं तीन ओळींचंच बरं.

पुण्याची सून: मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. माहेर तासगाव. हळदवाल्यांचं पान मागच्या महिन्यात मीच वाचलं होतं. पेवाचं वाचून विश्वास बसला, कारण रंग मिसळलेल्या हळदीची धास्ती असते. नुसतं बटण असतं तर घेतलीच नसती, मिरजकर. पण एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर कुठे दिसेना, पोस्टेज किती तेही कळेना. शेवटी दुसरीकडून मागवली.

हळदवाला सांगली: ताई, नंबर पाकिटावर आहे हो! पानावर टाकायचं सुचलंच नाही. पोस्टेजसकट आज रात्री बटणाच्या वरच टाकतो.

मिरजकर: आणि पेव?

हळदवाला सांगली: चार ओळी बटणाखाली. बाकीचं त्या शाळेच्या पोरांना.