नोंदीपुढचे हिरवे-नारिंगी ठिपके सचिवांना सारखेच दिसतात, काय करू?

गोठा_कोडर
दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) मोजून झालं की शेतकऱ्याच्या नावापुढे ठिपका येतो. हिरवा म्हणजे दूध घेतलं, नारिंगी म्हणजे पुन्हा तपासा, लाल म्हणजे परत. एका केंद्राचे सचिव दर नोंदीला शेजारच्या पोराला विचारतात, "कुठला लागला रे?" चेअरमन रंग बदलू देत नाहीत, म्हणतात, हिरवं-लाल शेंबड्या पोरालाही कळतं. रंग गूगलच्या मटेरियल डिझाइनमधले ग्रीन, ऑरेंज, रेड ५०० (५०० हा छटेचा क्रमांक). छटा गडद केल्या तर भागेल?

चाळीस_वॅट
नाही भागणार. मला जन्मापासून ड्युटेरानोमली, म्हणजे हिरवा रंग नीट न ओळखता येणारं अर्धवट रंगांधळेपण आहे, तेव्हा मी सचिवांच्या बाजूने. तुमचा हिरवा आणि नारिंगी म्हणजे माझ्या लेखी दोन मातकट पिवळे. भलीमोठी लाल पाटी मी ओळखतो, पण ज्वारीच्या दाण्याएवढ्या ठिपक्यात रंग हातीच लागत नाही.

चौकातला सिग्नल मी जागेवरून वाचतो: लाल वर, हिरवा खाली. तुमचे तिन्ही ठिपके एकाच रकान्यात, एकाच आकाराचे. धरायचं कशाला?

चेअरमनना सांगा, रंग राहू देत. डब्ल्यूसीएजीचा (वेबसाइट-अ‍ॅप सगळ्यांना वापरता यावेत यासाठीची नियमावली) १.४.१ हा नियम रंग काढा म्हणतच नाही. फक्त रंगावरच अर्थ सोडू नका म्हणतो. आणि तो 'ए' पातळीवरचा, म्हणजे अगदी किमान. एक सांगा, थर्मल प्रिंटरच्या स्लिपवर तर सगळं काळंच येतं, तिथे काय छापता?

गोठा_कोडर
तिथे 'घेतले', 'फेरतपासणी', 'परत' असे शब्द छापतो.

चाळीस_वॅट
मग झालं की! तेच शब्द स्क्रीनवर आणा. 'फेरतपासणी' लांब वाटलं तर 'फेर' करा, केंद्रावर कळतं सगळ्यांना.

पिक्सेल_पाटील
एक भर. शब्द रंगीत पट्टीवर टाकणार असाल तर पांढऱ्या अक्षरांत नको. ग्रीन ५०० वर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक, १ म्हणजे फरकच नाही) २.७८, ऑरेंजवर २.१६, रेडवर ३.६८. लहान अक्षरांना त्याच नियमावलीच्या 'डबल ए' पातळीसाठी ४.५ लागतो, म्हणजे तिन्ही नापास. काळी अक्षरं तिन्हींवर पास. सगळ्यात कमी रेडवर, तरी ५.७. दिसायला जरा गावठी वाटेल, पण पहाटेच्या ट्यूबलाइटखाली वाचता येईल.

हिरवा आणि लाल यांचा आपसातला कॉन्ट्रास्ट तर १.३२ आहे. स्क्रीन ग्रेस्केल (रंग काढून काळी-पांढरी) करून बघा, दोन्ही जवळपास एकच राखाडी.

गोठा_कोडर
तपासायला क्रोममधलं रंगांधळेपणाचं सिम्युलेशन पुरेल ना? रेंडरिंग टॅबमधलं.

चाळीस_वॅट
ढोबळ चुका पकडायला पुरेल. पण त्यातला ड्युटेरानोपिया टोकाचा आहे, म्हणजे हिरव्याची जाणीवच नसलेला. माझ्यासारख्यांना रंग थोडे दिसतात, थोडे नाहीत, आणि कधी दिसतील ते उजेडावर. नवी स्क्रीन सचिवांसमोर ठेवा. त्या पोराला मात्र तेवढा वेळ बाहेर पाठवा, नाहीतर सवयीने तोच उत्तर देईल.

गोठा_कोडर
चेअरमन ग्रेस्केल बघून म्हणाले, "मोबाइल बिघडलाय तुझा." शब्द टाकायला मात्र हो म्हणालेत.