बडोदा : लेकीला एम.एस.ला घालावं की छोट्या कॉलेजात?

सांगलीची_सून
नमस्कार मंडळी. माहेर सांगली, सासर बडोदं, राहायला कारेलीबाग. लग्नाला वीस वर्षं झाली, पण इथली एम.एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटी मी रिक्षातूनच पाहिलेली. हे डिप्लोमा करून थेट मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लागले, त्यामुळे आतलं त्यांनाही काही ठाऊक नाही.

मुलगी बारावी सायन्स झाली, बी ग्रुप (म्हणजे बायोलॉजीवाला), गुजराती माध्यम. टक्के बरे आहेत. नीटचा नाद तिने स्वतःच सोडला, मला तर सुटल्यासारखं झालं. आता बी.एस्सी., मायक्रोबायोलॉजी नाहीतर केमिस्ट्री. एकीकडे एम.एस., दुसरीकडे गावाबाहेरचं एक खासगी कॉलेज. तिथे आम्ही जाऊन आलो. वर्गात चाळीस मुलं, घराजवळून बस, आणि मुलगी गैरहजर राहिली की आईच्या फोनवर मेसेज. ह्यांना ते मेसेजचं फार आवडलं.

माझी लेक घुमी आहे. हात वर करून विचारणाऱ्यातली नाही. शाळेत बाईंनी ओळखलं, पुढच्या बाकावर बसवलं, म्हणून निभावलं. एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीत तिला कोण ओळखणार? इंग्रजीचीही धास्ती आहेच. जे तिथे शिकलेत किंवा ज्यांची मुलं शिकताहेत त्यांनी खरं खरं सांगा. "ते मुलीवर अवलंबून आहे" असलं उत्तर कृपा करून नको.

रावपुरेकर
ताई, शेवटची अट आवडली. मी सायन्स फॅकल्टीतून १९९३ ला बाहेर पडलो, तेव्हा माझं थोडं शिळं धरून चाला.

आधी ही युनिव्हर्सिटी मोठी म्हणजे कशी मोठी ते बघू. पुणे किंवा मुंबई विद्यापीठ मोठं, कारण त्यांना गावोगावची कॉलेजं जोडलेली. पोरगं कॉलेजात शिकतं, विद्यापीठ परीक्षा घेतं. आपल्याकडे तसं नाही. १८८१ चं बडोदा कॉलेज होतं, सयाजीरावांनी उभ्या केलेल्या आणखी संस्था होत्या, ते सगळं १९४९ मध्ये एका छपराखाली आलं. पादरा गावातलं कॉलेज सोडलं तर जवळजवळ सगळा पसारा शहरातच. शिकवणारे आणि पेपर काढणारे एकाच घरातले. तेव्हा वर्गात जे सांगितलं ते उतरवून घेणाऱ्याला इथे किंमत आहे, आणि घुमी मुलं हे काम फार चांगलं करतात.

दुसरं म्हणजे "एम.एस. कशी आहे" असं कोणाला विचारू नका. घुमटाखाली आर्ट्सवाल्यांचं जग वेगळं, फाइन आर्ट्सचं वेगळं, सुरसागरासमोर परफॉर्मिंग आर्ट्सचं तर घड्याळही वेगळं. कलाभवनातल्या इंजिनीअरिंगवाल्याला सायन्सचं डिपार्टमेंट विचारलंत तर तो स्टेशनचा रस्ता दाखवेल. (स्टेशनपासून ते पायी अंतरावर आहे, म्हणजे अगदी चुकीचं नाही.) लोक घाबरवतात ते कॉमर्सच्या गर्दीवरून. सायन्सलाही पहिल्या वर्षी तास मोठ्या वर्गात होतात, पण प्रॅक्टिकलची बॅच लहान. घुम्या मुलाची खरी युनिव्हर्सिटी म्हणजे त्याची बॅच. ब्युरेटमधून (मापाच्या काचनळीतून) थेंब थेंब सोडायचा, गुलाबी झालं की नाही ते शेजारच्याला विचारायचं. माझे आजचे तीन मित्र त्या गुलाबी रंगातले आहेत.

अर्धवट_रसायन
रावपुरेकर काकांना +१. आता माझी फजिती ऐका.

पहिल्या आठवड्यात मी तीन दिवस स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात बसलो. मला वाटलं फिजिक्सची सुरुवात अशीच होत असेल. सरासरी, विचलन, सगळं उतरवून घेतलं, अक्षरही सुंदर काढलं. चौथ्या दिवशी शेजारच्या मुलीने रोल नंबर विचारला आणि भांडं फुटलं. चूक माझीच, वेळापत्रक वाचलं होतं पण दुसऱ्याच ग्रुपचं.

छोट्या कॉलेजात पहिल्या दहा मिनिटांत कोणी तरी विचारलं असतं, "अरे तू इथे कसा?" इथे नाही विचारलं. हा फायदा की तोटा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण पुढे जोडविषय म्हणून मी स्टॅटच घेतलं आणि आज पोट त्यावरच भरतं.

मांजलपूरचा_बाप
जरा उलट बाजू मांडतो. माझा मुलगा खासगी कॉलेजात शिकला (नाव घेत नाही). स्वभावाने तो बंक मारणाऱ्यातला, त्यामुळे ते मेसेज आम्हाला खरंच कामाला आले. ज्याला रेटावं लागतं त्याच्यासाठी ते बरं. पण तुमची मुलगी घुमी आहे, आळशी नाही. दोन दुखणी वेगळी, औषधही वेगळं.

आणि एक गोष्ट मी आधी बघायला हवी होती. मुलाला मायक्रोबायोलॉजीचे प्रयोग "दाखवले" गेले. ऑटोक्लेव्ह (वाफेने जंतू मारायचं यंत्र) एकच, तोही बरेचदा बंद. अगरची प्लेट (जंतू वाढवायची बशी) त्याने पहिल्यांदा स्वतः ओतली ती नोकरीत ट्रेनी असताना, वडोदऱ्याजवळच्याच एका औषध कंपनीत, आणि पहिल्या दिवशी त्याच्या सगळ्या प्लेटांवर बुरशी आली. तेव्हा एम.एस. असो की दुसरं काही, जाऊन एवढंच विचारा: प्लेट मुलं स्वतः ओततात का? एका सूक्ष्मदर्शकावर किती जण? ग्रॅम स्टेनिंग (जंतू रंगवून ओळखणं) प्रत्येकाला करायला मिळतं की चौघांत एक स्लाइड? एसी आहे का, बस कुठून सुटते, ते पत्रकात छापलेलं असतंच.

वाडीतली_मुक्ता
काकू, इंग्रजीचं मी सांगते. मीही गुजराती माध्यमातली, घरी मराठी. आजोबा "त्वरण" म्हणायचे, पुस्तकात "प्रवेग" होता आणि एम.एस.मध्ये गेले तर "अ‍ॅक्सिलरेशन". एकाच गोष्टीची तीन नावं, आणि परीक्षेत तिसरंच चालणार. इथे शिकवण्याची भाषा सुरुवातीपासून इंग्रजी आहे आणि पेपर इंग्रजीतच लिहायचा, त्यात सूट नाही. तासाला मात्र आमचे एक सर मुलांचे चेहरे बघून मध्येच गुजरातीत उतरायचे.

पहिले दोन महिने मला काही फावलं नाही. ("फावलं" म्हणजे जमलं. हा शब्द सांगलीच्या माणसाला खटकला असेल, पण बडोद्यातल्या आमच्या वाडी भागात सगळ्यांना फावतं.) तासाला येणारा शब्द कानाला पकडता येईना. अर्धीकरण (पेशीविभाजनाचा एक प्रकार) मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पण मायोसिस म्हटलं की कोरी. मग एक वही केली, डावीकडे शाळेतला शब्द, उजवीकडे इंग्रजी. दिवाळीपर्यंत ऐंशी पानं भरली आणि त्यानंतर ती उघडायची वेळच आली नाही. मुलीला हे आत्ता, सुट्टीतच करायला लावा. अकरावी-बारावीची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं आणा आणि तेच धडे, जे येतात तेच, इंग्रजीतून वाचू द्या. नवीन काही नको. आलेलं इंग्रजीतून वाचलं की भाषेवरच लक्ष राहतं.

आणि हंसा मेहता लायब्ररीचं कार्ड पहिल्या आठवड्यात करून घ्या. घुम्या माणसाला बसायला जागा लागते, जिथे कोणाशी बोललं नाही तरी विचित्र दिसत नाही. हंसाबेन या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू, सहशिक्षणाच्या विद्यापीठात त्या जागेवर बसलेल्या देशातल्या पहिल्या बाई. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात "सगळे पुरुष" असा अर्थ निघणारे शब्द होते, ते "सगळी माणसं" असे यांनी बदलून घेतले. परीक्षेच्या दिवसांत शब्द पाठ करून वैताग आला की मी त्या पाटीकडे बघायचे.

गुलाबजांबू_८
अहो नोबेलवाले वेंकी रामकृष्णन इथलेच! अजून काय हवं?

रावपुरेकर
गुलाबजांबू, हे उदाहरण दर जूनमध्ये येतं. १९७१ ला फिजिक्सचं बी.एस्सी. इथे केलं, खरं आहे. २००९ चं नोबेल मिळालं ते मात्र केमिस्ट्रीचं, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी. फिजिक्समध्ये पीएच.डी. झाल्यावर हा माणूस जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. मला ती गोष्ट नोबेलपेक्षा जास्त आवडते. पण त्यांचे वडील इथेच बायोकेमिस्ट्रीत प्राध्यापक होते. कोणाला भेटायचं, काय विचारायचं हे त्यांना जेवणाच्या ताटावर कळत असणार. ताईंच्या घरी ते नाही. म्हणून ते उदाहरण ताईंना अर्धंच लागू.

तिसरं_सेम
मी आत्ता शिकतोय, त्यामुळे ताजं सांगतो. काका लोकांच्या वेळचं बरंच बदललंय.

प्रवेश आता जीकॅस या सरकारी प्रवेश पोर्टलवरून, २०२४ पासून. फॉर्म भरताना फॅकल्टी आणि विषयाचा क्रम नीट बघा आणि मेसेज ज्या नंबरवर येणार तो मुलीचा द्या, तुमचा नको. फीचा आकडा दिसला की ती ग्रँटची (सरकारी अनुदानाची) जागा आहे की हायर पेमेंटची (जास्त फीची) ते आधी विचारा, दोन्हींत बराच फरक पडतो.

मग मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय. नवीन शिक्षण धोरणात तीन वर्षांत डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स. मेजरचा विचार सगळे करतात, मायनर शेवटच्या दिवशी मित्राने घेतलं म्हणून घेतात. माझ्या ओळखीच्या एकाने तसंच केलं आणि आता प्रत्येक सेममध्ये रडतो. मायक्रो मिळालं तर केमिस्ट्री जोडीला असावी असं मला वाटतं, पुढे औषध कंपनीत दोन्ही विचारतात.

आणि घुम्या लोकांसाठी, मी स्वतः त्यातलाच. तीन माणसं ओळखीची करायची. एक सीआर (वर्गप्रतिनिधी), कारण सगळ्या सूचना त्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर येतात. दुसरा लॅबचा पटावाळा (म्हणजे शिपाई), त्याला कुठली बॅच कधी आणि कुठले सर आज आलेत ते वेळापत्रकाहून जास्त माहीत असतं. तिसरा कोणीही एक सिनियर, प्रॅक्टिकलची जर्नलं (वह्या) जुनी मिळतात. सरांना हात वर करून विचारलंच पाहिजे असं काही नाही. तास संपल्यावर पाच-सहा जण टेबलाभोवती उभे राहतात, त्यात मागे नुसतं उभं राहिलं तरी उत्तर ऐकू येतं. मी पूर्ण पहिलं सेम तसाच उभा होतो. दुसऱ्या सेममध्ये सरच म्हणाले, "तुझा प्रश्न काय आहे रे, रोज येतोस?"

अर्धवट_रसायन
पटावाळ्याला +१००. आणि सेव उसळ कोणी सांगितलीच नाही. प्रॅक्टिकल लांबलं की तिखट तरी घालून दोन प्लेट, मग बोटॅनिकल गार्डनमध्ये झाडांची नावं वाचत पचवायची. जांभळाच्या झाडाचं शास्त्रीय नाव मला तसंच पाठ झालं.

सांगलीची_सून
सगळ्यांचे खूप आभार. गुरुवारी ह्यांनी रजा काढली आणि आम्ही तिघं जाऊन आलो.

मांजलपूरच्या दादांचा प्रश्न विचारायचं ह्यांनी अंगावर घेतलं. लॅब कुठे ते विचारत पुढे गेले आणि अर्धा तास परत आलेच नाहीत. फोन गाडीच्या डिकीत. मी घाबरी झाले, तर लेक म्हणाली, "आई तू इथेच सावलीत थांब." आणि गेली. वीस मिनिटांनी बापाला घेऊन आली. हे जिऑलॉजीत पोचले होते आणि तिथे कपाटातले दगड बघत उभे होते, फार खूश. तिने वाटेत दोघांना विचारलं म्हणे. त्यातली एक मुलगी मायक्रोचीच निघाली. प्लेट प्रत्येकाने आपापली ओतायची, बुरशी आली तर कोणाची ते लगेच कळतं, असं तिने सांगितलं. तिचा नंबरही घेऊन आलीये, जुन्या जर्नलांसाठी.

जीकॅसवर पहिला पसंतीक्रम एम.एस. भरलाय. शब्दांची वही कालपासून सुरू. ह्यांना मेसेजचं अजून वाटतंय, पण गप्प आहेत.

आता शेवटचं विचारते. कारेलीबागेतून रोज जायला अ‍ॅक्टिव्हा बरी की सायकल?

रावपुरेकर
सायकल. सपाट गाव आहे. पण मध्ये विश्वामित्री येते, तेव्हा पावसाळ्यात निघण्याआधी पूल चालू आहेत ना ते बघून घ्यायचं. २०२४ च्या ऑगस्टात नदी शहरात शिरली तेव्हा मगरी रस्त्यावर फिरत होत्या. तसला दिवस असेल तर तास बुडाला तरी चालेल, आणि त्याचा मेसेज कोणी पाठवणार नाही.

अर्धवट_रसायन
सायकलला कुलूप चांगलं घ्या. आणि सेव उसळीचे पैसे वेगळे द्या, भाड्याच्या पैशात मोजू नका.